रानडुकराचा चाकू : मारणारा आणि चिरणारा

मध्ययुगीन पट्ट्यावरील थ्रेडखाली एका वाचकमित्राने प्रश्न विचारला होता : "रानडुकराच्या शिकारीसाठी जुन्या काळी कोणता चाकू निवडत असत?" चार ट्वीटांत उत्तर संपेल, अशा समजुतीने मी टिपणे काढायला बसले. तीन आठवडे त्यात गेले. कारण या साध्या प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न दडले आहेत. चाकू डुकराला मारण्यासाठी हवा, की मेलेले डुक्कर चिरण्यासाठी? दोन्ही कामे एकाच पात्याकडून नीट होत नाहीत, हे पूर्वीचे शिकारी जाणत होते. इतिहासाने मात्र यांतल्या एकाच चाकूची नोंद ठेवली. हा थ्रेड त्या दोन्ही चाकूंविषयी आहे.

आधी प्राणी समजून घेऊ. हत्याराचा आकार प्राण्याच्या अंगावरूनच ठरतो. पूर्ण वाढलेला नर सहज शंभर किलोंच्या पुढे जातो. त्याचे खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर सतत घासले जातात, त्यामुळे त्यांना आपोआप धार लागत राहते. निसर्गाने दिलेला सहाणेचा दगड त्याच्या तोंडातच आहे म्हणा. वयात आलेल्या नराच्या खांद्यांवर आणि छातीच्या बाजूंवर कातडीखाली जाड, चिवट ऊतीचे एक कवच तयार होते. माजाच्या दिवसांत नर एकमेकांशी झुंजतात, त्या झुंजींतून जीव वाचवणारी ही ढाल होय. त्यावर चिखलाने लडबडलेले राठ केस. डुक्कर मान खाली घालून येते आणि डोके वर झटकत सुळा मारते. माणूस उभा असेल तर तो वार नेमका मांडीवर बसतो.

या प्राण्याच्या शिकारीविषयी इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकातील एका ग्रीक लेखकाने लिहून ठेवले आहे. झेनोफन हा सॉक्रेटिसचा शिष्य आणि पेशाने सैनिक. शिकारीवरील त्याच्या ग्रंथात रानडुकरावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. डुकरासाठीच्या भाल्याचे पाते पाच तळहात लांब असावे, असे तो सांगतो. हा तळहात म्हणजे चार बोटांची रुंदी. त्या हिशेबाने पाते सुमारे पंधरा इंचांचे होते. पात्यामागच्या नळीच्या मध्यावर भक्कम दात असावेत, हीदेखील त्याची अट आहे. दात कशासाठी? भाला आरपार गेला तरी डुक्कर थांबत नाही. ते दांड्यावरून पुढे सरकत शिकाऱ्यापर्यंत येऊन पोचते. दात त्याला तिथेच अडवून धरतात. हातातला भाला निसटलाच तर जमिनीवर पालथे पडून राहावे, असा सल्लाही तो देतो. सुळे वर वळलेले असल्याने सपाट पडलेल्या माणसाखाली ते शिरत नाहीत. (याच प्रकरणात झेनोफन असेही लिहितो की, नुकत्याच मेलेल्या डुकराच्या सुळ्यावर केस ठेवले तर ते आक्रसतात, इतके ते सुळे गरम असतात! उत्तम निरीक्षक आणि भाबडा श्रोता एकाच लेखणीत नांदू शकतात, याचा हा नमुना प्रत्येक इतिहासाच्या विद्यार्थ्याने जवळ बाळगावा.)

त्या दातांची कल्पना पुढे दोन हजार वर्षे टिकली. इ. स. १५०० च्या सुमारास जर्मन भाषक प्रदेशांत डुकरासाठी खास तलवार घडवली जात असे : लांब, अरुंद, बिनधारेचे अंग, टोकाशी भाल्यासारखे रुंद पाते आणि त्याच्या थोडे मागे आडवा दांडा. तलवारीची मूठ, भाल्याचे डोके. घोड्यावरून वापरायच्या या विचित्र हत्याराचे प्रयोजन झेनोफनच्या भाल्याचेच होते : भोसकल्यावर अंतर राखणे. म्हणजे चाकू निवडण्याचा पहिला नियम चाकूच्या विरोधातच जातो. जिवंत डुकराशी पहिली गाठ चाकूने घालायची नसते.

आता दख्खनकडे वळू, कारण एकोणिसाव्या शतकात या हत्यारावरचा एक मोठा वाद आपल्याच माळरानांवर रंगला होता. पेशवाईच्या अखेरीस पुण्यात रेसिडेंट असलेला आणि १८१९ ते १८२७ या काळात मुंबईचा गव्हर्नर राहिलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन आपल्याला ठाऊक असतो तो इतिहासकार म्हणून. हाच गृहस्थ घोड्यावरून भाल्याने डुक्कर मारण्याच्या खेळाचा विलक्षण शौकीन होता. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स औट्रमनेही भिल्लांचा विश्वास संपादला तो बऱ्याच अंशी त्यांच्यासोबत शिकार करून. नगर आणि पुणे ही या खेळाची ठाणी बनली.

वाद होता भाल्याच्या लांबीचा. बंगालकडचे इंग्रज साधारण सहा ते साडेसहा फुटांचा, जड भाला वापरत. मागच्या टोकाला शिसे ओतून तोल साधलेला. तो टोकाजवळ धरायचा, अंगठा वर, आणि वरून खाली खुपसायचा. दख्खनचा भाला सात-आठ फुटांचा, वजनाने दोन-तीन पौंड, मानवेलीच्या भरीव बांबूचा आणि हलक्या पोलादी फाळाचा. तो खालून, मनगट वळवून, घोड्याच्या वेगाने पुढे न्यायचा. दोन्ही पक्षांनी एकमेकांना पुस्तकांतून मनसोक्त टोमणे मारले आहेत. पण कारण बुद्धीचे नव्हते, जमिनीचे होते. बंगालच्या उंच गवतात आठ फुटांचा दांडा वळवायला जागाच नव्हती. नगरच्या उघड्या, खडकाळ माळावर घोडा मैल-दीड मैल सुसाट धावू शकत होता आणि तिथे लांब भाल्यामुळे डुक्कर घोड्याच्या पोटापासून दूर राहत होते. माझे मत विचाराल तर दख्खनचा भाला सरस. पण मी नगरचीच असल्याने हे मत पुरावा म्हणून धरू नये.

मग चाकू कुठे येतो? येतो तो भाल्यानंतर : घायाळ जनावराला संपवण्यासाठी, किंवा भाला हातून गेल्यावर स्वतःचा जीव राखण्यासाठी. त्यामुळे इंग्रज शिकारी त्याच्या निवडीवर पुष्कळ शाई खर्च करीत. नागपूरच्या अनियमित फौजेचा कमांडंट राहिलेल्या कॅप्टन हेन्री शेक्सपियरने (नाटककाराशी गल्लत नको) १८६० मध्ये हिंदुस्थानातील शिकारीवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच्या नावाने ओळखला जाणारा शिकारी चाकू लंडनची विल्किन्सन कंपनी बनवीत असे. म्हणजे नागपूरच्या रानांतला अनुभव लंडनच्या दुकानात पात्याच्या रूपाने विकला जात होता.

या साऱ्यांत टोकाचे उदाहरण मात्र सिलोनचे. पुढे नाईलच्या शोधामुळे गाजलेला सॅम्युअल बेकर १८४८ नंतर काही वर्षे नुवारा एलियाच्या थंड डोंगरात स्थायिक झाला होता. तिथले जंगल इतके दाट की भाला आणि घोडा दोन्ही निरुपयोगी. त्यात कुत्रे जनावराला लगटलेले असताना बंदूक झाडली तर गोळी कुत्र्यालाच लागायची. म्हणून बेकर शिकारी कुत्रे आणि चाकू एवढ्यावरच सांबर व डुकरांच्या मागे जाई. १८५४ च्या आपल्या पुस्तकात त्याने या चाकूची मापे दिली आहेत. लंडनमधील पिकाडिलीच्या पॅजेटकडून स्वतःच्या नमुन्यावर करवून घेतलेला चाकू. पाते एक फूट लांब, सर्वांत रुंद जागी दोन इंच, मध्यावर किंचित अंतर्वक्र. टोकापासून तीन इंचांपर्यंत दोन्ही बाजूंना धार. एकूण वजन तीन पौंड.

तीन पौंड म्हणजे सुमारे एक किलो साडेतीनशे ग्रॅम. आपल्याकडच्या पुष्कळ तलवारी याहून हलक्या असतात! तरीही बेकरची निवड वेडेपणाची नव्हती. प्रत्येक मापाला कारण आहे. पाते फूटभर, कारण खांद्यावरच्या कवचाला टाळून पुढच्या पायाच्या कोपरामागून वार केला तरी हृदयापर्यंत पोचायला तेवढी खोली लागते. टोकाशी दुधारी, कारण एकधारी टोकापेक्षा ते सहज आत शिरते आणि जखम रुंद करते. वजन, कारण कुत्र्यांच्या गर्दीत नेम धरून खुपसायला नेहमीच संधी मिळत नाही. कधी कधी कुऱ्हाडीसारखा घावच घालावा लागतो. बेकर स्वतः धिप्पाड होता. हा चाकू त्याच्या हाताच्या मापाचा होता, तुमच्या-माझ्या नव्हे.

याच्या जोडीला मुठीचा प्रश्न असे. रक्ताने हात बुळबुळीत होतो आणि भोसकताना पाते हाडावर अडले तर हात पुढे घसरून स्वतःचीच बोटे कापली जातात. म्हणून मारण्याच्या चाकूला मुठीपुढे आडवी अडणी हवीच, आणि मूठ गुळगुळीत हस्तिदंतापेक्षा सांबरशिंगाची खडबडीत असलेली बरी. पोलादाचीही पंचाईत होती : फार कठीण ठेवले तर हाडावर धारेचे तुकडे उडतात, मऊ ठेवले तर टोक वाकते.

हे संतुलन साधणारे कारागीर होते कुठे? शेफील्ड-लंडनमध्ये होते, हे सर्वज्ञात आहे. पण इंग्रज शिकाऱ्यांनी ज्यांची नावे एकमेकांना आवर्जून सांगितली, असे दोन पत्ते हिंदुस्थानातले आहेत. एक मद्रास इलाख्यातील सेलमचा अरुणाचलम. सेलम हा जुना लोह-पोलादाचा मुलूख, आणि अरुणाचलमचे चाकू व भाल्यांचे फाळ दक्षिणेत अत्यंत नावाजलेले. दुसरा पत्ता औरंगाबादचा, आजच्या छत्रपती संभाजीनगरचा. तिथल्या लष्करी छावणीला लागणारे डुकराच्या भाल्यांचे फाळ आणि शिकारी चाकू घडवणाऱ्याचा ठसा आजही लिलावांत दिसणाऱ्या पात्यांवर आढळतो. ठसा रोमन लिपीत आहे, कारण गिऱ्हाईक ती लिपी वाचणारे होते. त्यातली अक्षरे देवनागरीत आणली तर 'बोदराज' होतात, 'बोडराज'ही होतात. मूळ माणूस भोजराज असेल वा बोधराज असेल, साहेबाच्या कानाने ऐकले तसे ते पोलादावर उमटले. मराठवाड्याच्या मातीतला हा लोहार जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे आणि त्याचे नाव त्याच्याच भाषेत कसे लिहायचे, हे मात्र त्या ठशावरून ठरत नाही.

इथपर्यंत झाला मारणारा चाकू. आता डुक्कर मेले आहे. पुढचे काम कोणत्या पात्याने करायचे?

बेकरच्या तीन पौंडी चाकूने तर नक्कीच नाही. मेलेल्या जनावरावरचे पहिले काम नाजूक असते : पोट उघडणे. कातडीखाली आतडी लागूनच असतात. टोक जरा खोल गेले की आतडे फुटते आणि मांस नासते. त्यासाठी चार-पाच इंचांचे, पातळ, हलके पाते लागते. टोकावर तर्जनी ठेवून, धार आतून वरच्या बाजूला करून कातडी उचलत न्यायची. आतून कापण्याचे आणखी एक कारण आहे. बाहेरून राठ केस आणि वाळलेला चिखल कापत गेले तर चांगली धारही काही हातांत बोथट होते. हे सारे झटपट व्हावे लागते, कारण चरबीच्या थरामुळे डुकराच्या अंगातली उष्णता लवकर निघत नाही आणि आपल्याकडच्या उन्हात मांस तासा-दोन तासांत बिघडू लागते. त्यानंतर सांधे सोडवायचे. जाणता माणूस हाड तोडत बसत नाही; सांध्याची फट बोटाने चाचपून सुरीचे टोक तिथे घालतो आणि पाय सहज निखळतो. फासळ्या आणि पाठीचा कणा फोडण्यापुरता सत्तूर किंवा कोयता. म्हणजे अडणी असलेला, दुधारी, जड चाकू इथे प्रत्येक बाबतीत चुकीचा ठरतो. अडणी हाताला अडते, दुसरी धार बोटे कापते, वजनाने मनगट थकते.

जर्मन शिकाऱ्यांनी यावर काढलेला तोडगा संग्रहालयांत पाहायला मिळतो. एकच म्यान, त्यात एक रुंद, जड तोडायचा सुरा आणि त्याच म्यानाच्या पुढच्या कप्प्यांत तीन-चार लहान सुऱ्या. तिथे शिकार रीतसर सोडवणे ही प्रतिष्ठित शिकाऱ्याने शिकायची विद्या होती, म्हणून त्या लहान सुऱ्यांनाही नक्षीदार मुठी मिळाल्या.

आपल्याकडे राजाने या कामात रस घेतल्याचे उदाहरण आहे आणि ते दख्खनचेच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर (कारकीर्द ११२६ ते ११३८) याचा 'मानसोल्लास' आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. त्यात रानडुक्कर कसे साफ करावे, हे सांगितले आहे : अंगावर पांढरे कापड घालून त्यावर कढत पाणी ओतावे, म्हणजे केस सुटतात, किंवा गवताच्या जाळावर केस जाळावेत. पुढे मांस भाजणे, ताडपत्रासारखे काप करणे, मसाला लावणे असे सारे क्रमाने येते. ज्या घराण्याच्या राजमुद्रेवर वराह होता, त्याच घराण्याचा राजा वराहाचे काप कसे करावेत हे निवांत लिहितो! बाराव्या शतकातील त्या दरबाराला यात विसंगती जाणवली नसावी. मला ती जाणवते, आणि तो दोष बहुधा माझ्या काळाचा आहे.

सोमेश्वरानंतर सातशे वर्षांनी त्याच दख्खनच्या माळावर शिकार करणाऱ्या साहेबांच्या पुस्तकांत हे पान जवळजवळ कोरे आहे. त्यांच्या खेळाचा नियम असा : ज्याच्या भाल्याला प्रथम रक्त लागले, त्याची ती शिकार, सुळे त्याचे. कोणाचा घोडा, कोणता ओढा, कितवा वार, सगळे तपशील तारखेसह मिळतात. सुळे चांदीत मढवून भिंतीवर जातात आणि तिथे वर्णन संपते. मांस बहुधा हाकाऱ्यांच्या वाट्याला जाई. रात्रभर माग काढणारे, पहाटेपासून उसातून आणि निवडुंगातून हाका घालणारे जे लोक, भिल्ल असोत वा गावोगावचे मजूर, तेच संध्याकाळी त्या धुडाभोवती बसत आणि वाटे पाडत. त्यांच्या हातात काय होते? सुरी, कोयता, कुऱ्हाड, जे घरात असेल ते. त्याची लांबी कोणी मोजली नाही आणि पोलाद कुठले, हे विचारले नाही. त्या दिवशी सर्वांत जास्त काम केलेले पाते तेच होते.

याचा दोष फक्त लेखकांवर ढकलून मी मोकळी होणार होते. पण टिपणे चाळताना एक गोष्ट लक्षात आली, आणि ती शस्त्रांच्या इतिहासात रस असलेल्या आपणा सर्वांना लागू पडते. संग्रहालयात जे शिकारी चाकू आहेत, त्यांच्या धारा पाहा. बहुतेक अगदी पूर्ण आहेत. कारखान्यातून निघाल्यासारखी पात्याची रुंदी शाबूत. याचा अर्थ ते फारसे वापरलेच गेले नाहीत. कमरेला लावले, छायाचित्रात दिसले, नातवाने पेटीत ठेवले, पणतवाने लिलावात काढले. रोज वापरलेल्या सुरीचे नशीब वेगळे असते. ती दर आठवड्याला दगडावर घासली जाते, दर वर्षी थोडी अरुंद होते, आणि एक दिवस लोहाराच्या भट्टीत जाऊन दुसरेच काही होऊन बाहेर पडते. आपण जतन झालेल्या चाकूंवरून "त्या काळी लोक असा चाकू निवडत" असे विधान करतो, तेव्हा प्रत्यक्षात न झिजलेल्या चाकूंवरून बोलत असतो. मीही पहिल्या दोन आठवड्यांत तेच केले होते. बेकर, विल्किन्सन आणि लिलावांच्या याद्यांनी माझी वही भरली होती.

दरम्यान दोन वाचकांनी खासगीत विचारले आहे की, आज रानडुकरासाठी कोणता चाकू घ्यावा. घेऊ नये. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगीशिवाय रानडुक्कर मारणे गुन्हा आहे. भुईमुगाचे शेत एका रात्रीत उकरून टाकलेल्या शेतकऱ्याचा संताप खरा आहे आणि त्यावर वेगळा, मोठा थ्रेड व्हायला हवा. पण त्याचे उत्तर जुन्या पुस्तकातल्या फूटभर पात्यात नाही.

हे लिहिता लिहिता आजोळी फोन केला. मामाला विचारले, आजोबांच्या वेळी गावात डुक्कर पडले की कशाने कापत? मामा म्हणाला, "तुक्याच्या सुरीनं. सगळ्या गावाची सुरी ती." सुरी आता कुठे आहे, असे विचारल्यावर तो हसला. घासून घासून ती करंगळीएवढी उरली होती. मग तुक्याच्या मुलाने तिचे खुरपे करून घेतले, आणि ते खुरपेही झिजून गेले.